अर्ध्या चेहऱ्याचा डेमो आणि साडेअठरा हजारांचं पॅकेज

संक्रांतीचं हळदीकुंकू, बचत गटाची बैठक, नाहीतर सोसायटीच्या हॉलमधला ‘मोफत स्किन चेकअप’. सांगलीत आणि आसपासच्या गावांत सुरकुत्या घालवणाऱ्या सीरमचा डेमो बहुधा अशाच ठिकाणी होतो. टेबलावर गोल आरसा, मागे पांढऱ्या दिव्याची रिंग. पन्नाशीच्या एखाद्या काकूंना पुढे बोलावतात, चेहरा कोरडा पुसतात आणि डाव्या डोळ्याखाली मुगाच्या डाळीएवढा थेंब बोटाने टिपून टिपून पातळ पसरवतात. “काकू, आता तीन मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही हं.” वारा घालतात. मग आरसा समोर धरला की डोळ्याखालची पिशवी बसलेली असते, बारीक रेषा गेलेल्या असतात आणि उजवी बाजू जशीच्या तशी असते. बायका खुर्च्या सरकवून जवळ येऊन बघतात. बुकिंग तिथल्या तिथे सुरू होतं.

डोळ्यांना जे दिसतं ते खरं असतं, म्हणून तर शिकलेली, हिशेबी माणसंही इथे फसतात. खोटं असतं ते त्याचं कारण.

त्या थेंबात बहुतेक वेळा सोडियम सिलिकेट असतं, जोडीला मॅग्नेशियम ॲल्युमिनियम सिलिकेट ही माती. सोडियम सिलिकेट म्हणजे काचेसारखा सुकणारा द्राव. कपडे धुण्याच्या पावडरीत तो असतो, पुठ्ठे चिकटवायलाही वापरतात. पातळ थर दिला आणि पाणी उडून गेलं की थर आकसतो आणि खालची त्वचा ताणून धरतो. पापड वाळताना कडा ओढल्या जातात, तसंच. डोळ्याखालची त्वचा चेहऱ्यावर सगळ्यात पातळ असते, म्हणून डेमो तिथेच करतात. नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत जी खोल घडी पडते, तिच्यावर करत नाहीत. ती घडी प्रत्येक शब्दाला हलते आणि हललं की थराला तडे जातात. ‘बोलू नका, हसू नका’ म्हणतात ते याचसाठी. घाम आला, तोंड धुतलं, वरून मॉइश्चरायझर लावलं की थर सुटतो आणि रेषा परत येतात. काही तासांचा खेळ.

हे घरी तपासता येतं. सीरमचा एक थेंब मनगटाच्या मागे, हाताच्या पाठीवर पातळ पसरवा आणि पाच मिनिटं सुकू द्या. हात उजेडात धरा: जागा चकाकते आणि मूठ वळली की पांढऱ्या भेगा पडतात. आता त्यावर चण्याएवढं साधं क्रीम चोळा. पांढरे बारीक गोळे निघून पापुद्रे सुटले, तर ते त्वचेत काही शिरलेलं नाही, वरच वाळलेलं आहे. खोक्यावरची घटकांची यादीही वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे पहिल्या चार-पाच नावांत ‘सिलिकेट’ दिसलं की उलगडा झाला. लग्नाच्या दिवशी फोटोपुरतं असलं काही लावायला हरकत नाही. पण ‘९० दिवस लावा, त्वचा आतून कायमची घट्ट होईल’ असं सांगून ते विकणं ही सरळ फसवणूक आहे. शिवाय सिलिकेट अल्कधर्मी असतं आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ४.५ ते ५.५. रोज दोन वेळा लावलं की डोळ्याखालची त्वचा कोरडी पडते, चुरचुरते आणि कोरड्या त्वचेवर रेषा आधीपेक्षा ठळक दिसतात.

आता पॅकेजकडे. साडेअठरा हजारांच्या एका पॅकेजमध्ये हे निघालं: सीरमच्या सहा छोट्या बाटल्या, ‘सांगलीच्या हळदीचा अर्क’ लिहिलेला फेसपॅक, दीड मिलिमीटरच्या ५४० सुयांचा, चेहऱ्यावर फिरवायचा डर्मारोलर, ‘नाइट फॉर्म्युला’ नावाची पांढरी डबी आणि चेहऱ्याच्या व्यायामाचे ९० दिवसांचे व्हिडिओ. हळदीचं नाव विश्वास बसावा म्हणून घेतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं आहे, पण मानांकन हळद कुठली आहे एवढंच सांगतं, ती सुरकुत्या घालवते असं नाही.

यातली पांढरी डबी सगळ्यात घातक. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, घटक नाहीत. नुसतं सोनेरी स्टिकर. आणि गंमत नाही, हीच डबी सगळ्यात जास्त ‘गुण’ देते. चार-पाच दिवसांत चेहरा उजळ, गुळगुळीत, लालसरपणा गायब. एवढ्या झटपट असा परिणाम दिसला तर पहिली शंका स्टिरॉइडची घ्यायची: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही औषधं वाईट नाहीत, इसबासारख्या आजारात डॉक्टर मोजून देतात. पण महिना-दोन महिने रोज चेहऱ्यावर लावली की त्वचा पातळ होते, केशवाहिन्या लाल धाग्यांसारख्या दिसू लागतात, मुरमं येतात, ओठांवर आणि गालांवर लव वाढते. डबी थांबवली की दोन-तीन दिवसांत चेहरा लालभडक होऊन भाजल्यासारखा जळतो, म्हणून बाई पुन्हा डबी उघडते. विकणारा फोनवर सांगतो, “ताई, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चालू ठेवा.” असलं डिटॉक्स-बिटॉक्स काही नसतं. सुरकुत्यांसाठी घेतलेली वस्तू त्वचा पातळ करून सुरकुत्या वाढवते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची लावायची स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. हळदीकुंकवाला तर नाहीच नाही.

बिनलेबलच्या डबीत दुसरी भीती पाऱ्याची. पारा रंग उजळवतो आणि मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात फेअरनेस क्रीम वापरणाऱ्यांमध्ये असे मूत्रपिंडाचे रुग्ण सापडले. आपल्याकडच्या नियमानुसार डोळ्यांभोवतीची सोडून बाकीच्या सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. पायाला, डोळ्यांभोवती सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला तर क्रीम बंद करून लगेच लघवीची तपासणी करा आणि डॉक्टरांना क्रीमबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

रोलरचं थोडक्यात. दीड मिलिमीटरची सुई रक्त काढते, ते दवाखान्यातलं काम आहे. घरी तोच रोलर नळाखाली धुऊन आई, लेक आणि जाऊबाई वापरतात, तेव्हा रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, हिपॅटायटीस बीचा धोका असतो. त्यावर लगेच आम्लाचं सीरम लावलं की जळतं आणि आपल्या सावळ्या त्वचेवर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे सुईशिवाय फिलर, म्हणजे घडी भरायला त्वचेखाली घालतात ते जेल, सोडणारं पेन. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला. दाबाने सोडलेला फिलर किती खोल जाईल यावर ताबा राहत नाही आणि तो रक्तवाहिनीत गेला तर दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये कुणी स्वस्तात देऊ केलं तरी नको म्हणा.

व्यायामाच्या व्हिडिओंबद्दल बायका सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून नीट सांगायला हवं. नाकाशेजारची घडी ही नुसती त्वचेची सुरकुती नाही. वयाबरोबर गालातली चरबीची गादी खाली घसरते, वरच्या जबड्याचं हाड थोडं झिजतं, वरून हसण्याचे स्नायू रोज तिथेच ओढतात. वरून काहीही चोळलं तरी गादी वर चढत नाही. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डॉक्टरांचा चेहऱ्याच्या व्यायामावरचा अभ्यास छापून आला. विकणारे तोच दाखवतात, पण अर्धा. ४० ते ६५ वयाच्या २७ बायकांनी सुरुवात केली, शेवटपर्यंत टिकल्या १६. पहिले ८ आठवडे रोज अर्धा तास, पुढे २० व्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड. फोटो बघून डॉक्टरांनी काढलेलं अंदाजी वय सरासरी ५०.८ वरून ४८.१ वर आलं, आणि गाल वरच्या आणि खालच्या भागात भरलेले दिसले. घड्या गेल्या असं त्यातून निघालं नाही. तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुसरा गटही नव्हता. म्हणजे गाल थोडे भरतील ही आशा धरता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

करायचाच असेल तर त्यातला गालाचा व्यायाम असा: तोंड उघडून ‘ओ’चा आकार करा, वरचा ओठ दातांवरून आत घ्या, मग गाल वर उचलले जातील असं हसा. बोटं गालाच्या वरच्या उंचवट्यावर हलकी टेकवा. गाल खाली सोडा, परत उचला. बोटांनी त्वचा ओढायची नाही. चमच्याने, दगडाने किंवा मुठीने खालून वर रगडायला सांगणाऱ्या व्हिडिओंनी लाली येते, थोडी सूज येते आणि त्या सुजेने रेषा अर्धा तास भरलेली दिसते, एवढंच. ‘आधी-नंतर’च्या फोटोतही असंच काही असतं. पहिला फोटो डोक्यावरच्या ट्यूबखाली, मान खाली घालून काढतात, म्हणजे घडीची सावली गडद पडते. दुसरा रिंगचा उजेड समोरून, हनुवटी वर. तुमच्याच फोनवर दोन्ही काढून बघा.

घरी करण्यासारखं आणि खरोखर उपयोगी काय? पहिलं सनस्क्रीन. त्वचेला वय आणणारे यूव्हीए किरण ढगाळ दिवशी आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. द्राक्षबागेत छाटणीला, विरळणीला दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला याची जेवढी गरज आहे तेवढी कुणालाच नाही, आणि तिच्यापर्यंतच हे पोचत नाही. एसपीएफ ३० किंवा वरचं घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक ओळ, एवढं चेहरा-मानेला. निघण्याआधी १५ मिनिटं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वर स्कार्फ असूच द्या. याहून कमी लावून ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात.

दुसरं ट्रेटिनॉइन. उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांवर याचा उपयोग डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडला आणि आजही लावायच्या औषधांत याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशाला नाही. हे चिठ्ठीचं औषध आहे, काही शे रुपयांची ट्यूब असते. सुरुवात सहसा ०.०२५ टक्क्याने. रात्री तोंड धुवून २० मिनिटं पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. पापण्या, नाकपुडीचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडायच्या. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, सोसलं तर एक रात्रआड, वरून साधं मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते, तेव्हा बहुतेक जणी सोडून देतात. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, तोही बारीक रेषांत, खोल घडीत नाही. गर्भार असताना किंवा तसा विचार असताना अजिबात नाही. आणि अप्पर लिपचं वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर केसांबरोबर त्वचेचा पापुद्राही निघतो.

लिंबू आणि खायचा सोडा चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबाचा पीएच २ च्या आसपास, आणि लिंबू लावून उन्हात गेलं की फोड येऊन काळे चट्टे उमटतात.

पैसे गेलेच असतील तर वेळ घालवू नका. डबी, बाटल्या, खोकं, पावती काही फेकू नका. डेमोचे फोटो, मेसेज, ‘३० दिवसांत पैसे परत’ असं लिहिलेलं पत्रक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. परताव्याच्या अटी वाचा. ‘सील न फोडलेल्या बाटल्याच परत घेऊ’ अशी ओळ असते, म्हणजे वापरून बघितलं की परतावा गेला. खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी (मॅन्डेट) घेतली असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून ती रद्द करा. हप्त्यांवर घेतलं असेल तर हॉलमध्ये विचारलेला ओटीपी बहुधा कर्जाचा होता. आरबीआयच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जाला किमान एक दिवसाचा कूलिंग-ऑफ काळ द्यावा लागतो, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो काळ उलटला असेल तर हप्ते मुकाट्याने बंद करू नका, सिबिल बिघडतं. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार द्या. न विचारता खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. वस्तू आणि दाव्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिनलेबलची डबी असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करा. तुमची उघडी डबी पुरावा म्हणून राहू द्या, पण विकणाऱ्याकडे बंद माल आहे तोवर कळवलंत तर त्यांना तिथूनच नमुना घेता येतो.

चेहरा लाल होऊन जळत असेल तर तक्रारीआधी दवाखाना. सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीला जा. सकाळी चेहऱ्याला काही न लावता जा, डबी सोबत न्या, आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा लावलं ते कागदावर लिहून न्या.