ओला टम्बलर आणि स्टीलच्या पिना: काही महिन्यांच्या वापरानंतर

नेमबाजीच्या रेंजवरच्या मातीतून वेचलेल्या, काजळीने माखलेल्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचं) पुन्हा भरण्याआधी साफ करायला ओला टम्बलर, म्हणजे पाणी भरलेला 7 लिटरचा फिरता ड्रम, आणि स्टीलच्या पिना यांना तोड नाही. अचूक नेमबाजीच्या रायफलसाठी जपलेल्या पुंगळ्या मात्र त्यात टाकू नका, असं माझं ठाम मत झालं आहे. (हे अमेरिकेतल्या रीलोडिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं बनवणाऱ्यांसाठी. भारतात काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवाना लागतो.)

प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी) आधी काढा, नाहीतर त्याचा खळगा काळाच राहतो आणि पाणीही आत अडकतं. चुंबक फिरवून स्टीलच्या पुंगळ्या वेगळ्या करा. .45 कॅलिबरच्या मोठ्या पुंगळीच्या पोटात 9 एमएमची लहान पुंगळी घुसलेली असते, ती ओढून काढा. मग 5 पाउंड पिना, पुंगळ्या बुडतील इतकं कोमट पाणी, एक मोठा चमचा भांड्यांचा पातळ साबण आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, जेमतेम पाव लहान चमचा. मात्रा वाढली की पितळ गुलाबी दिसतं. काडतुसाच्या पितळात 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. आम्ल पृष्ठभागावरचं जस्त खातं आणि तांबं उघडं पडतं.

अमोनिया असलेलं पॉलिश कधीही वापरू नका. ब्रिटिशांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना तोंडाशी चिरा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूत साठलेला ताण मिळून हे होतं, याचा उलगडा 1921 मध्ये झाला. तुमच्या पुंगळीतही तो ताण असतोच.

एक तास पुरतो, फार घाण असेल तर दीड. त्यापुढे चमक वाढत नाही, पुंगळ्यांची तोंडं मात्र एकमेकांवर आपटून ठोकली जातात आणि कड आत वळते. ड्रममध्ये पुंगळ्या थोड्या असतील तर त्या जास्त उंचीवरून पडतात, म्हणून नुकसानही जास्त.

सर्वांत मोठी कटकट पिनांची. नेहमीची पिन सुमारे 6.5 मिमी लांब असते आणि .223 या रायफल काडतुसाच्या पुंगळीच्या मानेत, म्हणजे गोळी बसते त्या अरुंद भागात, आडवी फसते. प्रायमरच्या छिद्रात दोन पिना एकदम शिरल्या तर चिमट्याशिवाय निघत नाहीत. वेगळं करायच्या चाळणीत पाण्याखाली फिरवा, नंतर प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आत बघा. हे टाळू नका: आत राहिलेली पिन गोळीबरोबर नळीतून जाते.

वाळवायला 65 ते 70 अंश सेल्सिअसवर फळं सुकवायचं यंत्र तासाभरात काम करतं, पण ते पुन्हा खाण्यासाठी वापरायचं नाही. जास्त उष्णतेने बूड मऊ पडलं की पुंगळी गेली. काळ्या पाण्यात प्रायमरचं शिसं असतं. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका. कोरड्या टम्बलरपेक्षा इथे शिशाची धूळ उडत नाही, हा या पद्धतीचा खरा फायदा.

आता रायफलच्या पुंगळ्यांबद्दल. पिना मानेच्या आतला काजळीचा पातळ थरही काढून टाकतात. उघड्या पितळावर गोळी बसवताना जोर जास्त आणि कमी-अधिक लागतो, त्यामुळे गोळीच्या वेगातही फरक पडतो. मानेत ग्राफाइट लावून हे बरंच सुधारतं. त्यापेक्षा मक्याच्या कणसाच्या भरडीत कोरडं फिरवलं तर तो थर टिकतो. चमक कमी येते, निशाण्याला त्याने फरक पडत नाही.