गोतसभेचे महजर की मामलेदार कोर्टाची दप्तरे?

आपल्या गावातील तंट्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीपुढे हे दोन पर्याय आहेत: जुन्या काळी गावकरी आणि वतनदारांच्या सभेने, म्हणजे गोतसभेने, दिलेल्या निवाड्यांचे कागद (महजर), आणि मामलेदाराच्या, म्हणजे आजच्या तहसीलदाराच्या, कोर्टाची दप्तरे.

तपशिलाच्या दृष्टीने महजर अधिक समृद्ध आहे. वतनाचा (वंशपरंपरागत हक्काचा) किंवा शिवेचा निवाडा झाला की पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत हजर असलेल्यांची नावे त्यात येत. लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, आणि अख्खे गाव एका कागदावर उभे राहिलेले पाहून आजही मन भरून येते. साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर दिव्य, म्हणजे खरे-खोटे ठरवण्याची कठोर शारीरिक परीक्षा, करवीत; जिंकणाऱ्याकडून हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) घेतली जाई. मात्र मोडी वाचता आल्याशिवाय या कागदांत शिरता येत नाही.

मामलेदार कोर्टाची कक्षा अरुंद आहे. 1906 च्या कायद्याने शेतजमिनीचा ताबा, वाट आणि पाणी यांतील अडथळ्यांचे दावे तिथे चालतात, तेही कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दाखल केलेले. मालकीहक्काचा प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे जातो.

जातिव्यवस्था, वतने आणि गावाचा सामूहिक निर्णय समजून घ्यायचा असेल, तर मोडी शिकून महजरच वाचावेत. बांधावरून अडवलेली वाट किंवा वळवलेला पाट हाच विषय असेल, तर मामलेदारांची दप्तरे पुरतील.