एक्सएमएल नोंदींची युनिक की: टूलकडून घ्यावी की रजिस्टरातून?

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी वाचनालयाची सूची एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहिती खुणांच्या (टॅगच्या) चौकटीत मांडणाऱ्या फाईलमध्ये, न्यायची आहे. देवघेवीच्या नोंदी पुस्तकाशी जोडायच्या, तर प्रत्येक पुस्तकाला युनिक की, म्हणजे दुसऱ्या कुणाला नसलेली ओळखखूण, हवी. उद्या फाईल नव्याने तयार केली तरी त्या पुस्तकाला तीच की मिळेल का, एवढंच आधी बघा.

एक्सएसएलटी या एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेतलं, आपोआप की काढून देणारं जनरेट-आयडी() इथेच बाद होतं. तसं ते सोयीचं आहे: वेगळं काही बसवावं लागत नाही, की अक्षराने सुरू होते. पण की वेगळी असण्याची हमी त्या एका रनपुरतीच, म्हणजे एकदा रूपांतर चालवण्यापुरतीच. पुढच्या रनला तीच की दुसऱ्या पुस्तकाला मिळू शकते. वेबपानावर अनुक्रमणिकेच्या लिंक जोडायला वापरा, देवघेवीत साठवू नका.

दुसरा पर्याय यूयूआयडी, म्हणजे संगणकाने ठरलेल्या पद्धतीने बनवलेली लांबलचक की. त्याच्या चौथ्या आवृत्तीत 128 पैकी 122 बिट रँडम असतात, त्यामुळे दोन की सारख्या निघायची धास्ती नको. डोकेदुखी वेगळीच आहे. स्कीमात, म्हणजे फाईलच्या रचनेचे नियम लिहिलेल्या फाईलमध्ये, कीसाठी आयडी हा प्रकार ठेवला असेल, तर की आकड्याने सुरू झालेली चालत नाही. आणि यूयूआयडीचं पहिलं चिन्ह 16 पैकी 10 वेळा आकडाच असतं. चाचणीची एखादी नोंद योगायोगाने पास होऊ शकते नि खरी फाईल व्हॅलिडेटरवर, म्हणजे ते नियम तपासणाऱ्या प्रोग्रामवर, आपटते. पुढे अंडरस्कोर लावा, मिटलं. शिवाय की एकदाच काढून फाईलमध्ये जपून ठेवायला हवी. पाचवी आवृत्ती दिलेल्या नावावरून की काढते, म्हणून दर वेळी तीच येते. पण नाव दुरुस्त केलं की कीही बदलते.

राहिला रजिस्टरातला दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आल्यावर त्याला दिलेला नंबर. एकाच वाचनालयासाठी मी डोळे झाकून हाच घेईन: कपाटापाशी उभ्या माणसालाही तो वाचता येतो, 36 चिन्हांचा यूयूआयडी कोण वाचणार? मात्र मराठी आणि गुजराती पुस्तकांची रजिस्टरं वेगळी असतील, तर दोन्हीकडे 417 सापडेल. म-417, गु-417 असं करा. आयडीत देवनागरी अक्षरं चालतात, आणि आकड्याने सुरुवात होण्याचा प्रश्नही त्यातच सुटतो. दोन-तीन संस्थांच्या सूच्या एकत्र होणार असतील, तरच यूयूआयडीकडे वळा.

काहीही निवडलंत तरी स्कीमात एक्सएस:की हा की तपासणारा नियम टाका. त्याचाच भाऊ एक्सएस:युनिक फक्त दुबार की पकडतं, की द्यायचीच राहून गेली तर सोडून देतं. एक्सएस:की दोन्ही पकडतं.