विटलिपिड एन अ‍ॅडल्ट, सलाईनमधून जेवण चालू असलं तर हे बघाच
मामांचं आतड्याचं ऑपरेशन झालं, तोंडानं पाणीबी बंद, म्हणून लातूरला टीपीएनची, म्हणजे शिरेतून सगळं जेवण द्यायची, तीन कप्प्यांची बॅग चालू होती. आम्हाला वाटलं एवढी महागडी बॅग म्हणल्यावर त्यात सगळंच असणार, पण व्हिटॅमिन त्यात नसतंच, वरून टाकावं लागतं हे सिस्टरनी सांगितलं. त्यासाठीच हे विटलिपिड, 10 मिलीचं अ‍ॅम्प्युल (काचेची छोटी सीलबंद कुपी), दुधासारखं पांढरं, कारण यातले व्हिटॅमिन ए, डी, ई, के पाण्यात विरघळत नाहीत, तेलातच राहतात. लेबलवर ए 990 मायक्रोग्रॅम, डी2 5 मायक्रोग्रॅम, के1 150 मायक्रोग्रॅम आणि ई 9.1 मिलिग्रॅम. बी आणि सी यात नाहीत, त्याचं वेगळं येतं, तेबी विचारून घ्या.

मेडिकलवाल्या दादांचं कौतुक करावं तेवढं थोडं. 25 डिग्रीच्या वर ठेवायचं नाही म्हणून एसी रूममधून खोक्यासकट काढून दिलं, आपल्याकडचा मे महिना माहितीच आहे! उजेडानं ए खराब होतं म्हणून सिस्टर बॅगवर कव्हर घालायच्या, ते निघालं तर लगेच सांगा. आणि पेशंट रक्त पातळ करायची वॉरफरीन घेत असेल तर डॉक्टरांना आधीच बोला, यातल्या व्हिटॅमिन के मुळं तिचा असर कमी होतो.