चेंबर फुटून ऑइल गेलं: टोचन, हाफ इंजिन, फुल इंजिन की जुनं इंजिन?

घाटात चेंबर (इंजिनखालचा ऑइलचा डबा) दगडावर आपटला किंवा सर्व्हिसिंगनंतर ड्रेन नट (ऑइल सोडायचा, चेंबरखालचा) गळून पडला, आणि डॅशबोर्डवर किटलीचा लाल दिवा लागला. बहुतेक गाड्यांत हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागलेला असतो. छोट्या पेट्रोल गाडीत मुळात ऑइलच तीन-साडेतीन लिटर. गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं, यात निवड करण्यासारखं काही नाही. (इंजिन बंद झालं की स्टीअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो, एवढं ध्यानात ठेवा.)

पहिला निर्णय रस्त्यावरच घ्यावा लागतो: ऑइल ओतून गॅरेज गाठायचं की टोचन करायचं? नट नुसता ढिला असेल, तो घट्ट बसत असेल, भरलेलं ऑइल टिकत असेल आणि स्टार्ट केल्यावर दिवा लगेच विझून आवाज साफ येत असेल, तरच चालवा. चेंबरला चीर असेल तर टोचनच. एम-सील तेलकट पत्र्यावर धरत नाही, घाटात तर त्याच्या भरवशावर राहूच नका. चेंबर फुटला नाही, नुसता आत दबला, तरी धोका टळत नाही. दबलेला पत्रा पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकला की चेंबर भरलेला असूनही पंपाला ऑइल मिळत नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३ लावा.

टोचनच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ते म्हणजे विमा. नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत दगड लागून फुटलेला चेंबर मिळू शकतो. ऑइल गेल्यानंतर गाडी चालवून जळालेलं इंजिन हे 'परिणामी नुकसान' म्हणून वगळलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टसारखं वेगळं कव्हर लागतं, आणि ते असलं तरी दिवा लागल्यावरही गाडी दामटली असेल तर दावा अडतो. खासगी कारच्या प्रमाणित पॉलिसीत टोचनसाठी १,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. नट सुटल्याने किंवा जुन्या फिल्टरचं रबर चिकटून राहिल्याने ऑइल गेलं असेल तर तो अपघात धरला जात नाही. तिथे बोलणी गॅरेजशी करायची, आणि त्यासाठी जॉब कार्ड (केलेल्या कामाची गॅरेजची नोंद) जपून ठेवायचं.

गाडी गॅरेजला पोचली की हाफ इंजिन (फक्त खालचा भाग दुरुस्त करणं), फुल इंजिन (अख्खं इंजिन उघडून नव्याने बांधणं) किंवा जुनं इंजिन (दुसऱ्या गाडीतून काढलेलं) असे भाव ऐकवले जातात. माझं मत ठाम आहे: चेंबर उतरवून कॉनरॉडची (पिस्टनला जोडलेल्या दांड्याची) एक-दोन बेअरिंगं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका. चेंबरमध्ये चमकदार कीस नाही, बेअरिंगचा करडा थर शाबूत आहे आणि गेज लावल्यावर दाब बरोबर येतो, तर चेंबर, फिल्टर आणि नवं ऑइल एवढ्यावर भागतं. डिझेल असेल तर टर्बोचा (इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट हाताने हलवून पाहायला सांगा. तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, म्हणून ऑइल तुटलं की सगळ्यात आधी मार खाणाऱ्यांत तो असतो.

बेअरिंगवर तांबं दिसतंय, खालून टकटक येतेय, पण सिलिंडरला ओरखडे नाहीत, अशा वेळी हाफ इंजिन पुरतं. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) लेथवाल्याकडे ग्राइंड करून, म्हणजे घासून, त्या मापाची अंडरसाइज बेअरिंगं बसवतात. फुल इंजिनच्या मानाने खर्च बराच कमी. मात्र यात एक काम हमखास टाळलं जातं: क्रँकची आणि ब्लॉकची ऑइलची भोकं साफ करणं, ऑइल कूलर धुणं किंवा बदलणं. कीस तिथे अडकून राहतो आणि नवी बेअरिंगं खाऊन टाकतो. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या. काही नव्या इंजिनांचे क्रँक ग्राइंड करायला कंपनीच परवानगी देत नाही, मग नवा क्रँक लागतो आणि हाफ इंजिनचा स्वस्तपणा संपतो.

इंजिन धरलं (जाम झालं) असेल, पिस्टन घासले असतील, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बैठका खरवडल्या असतील तर फुल इंजिन. खर्च मोठा, पण गाडी अजून पाच-सहा वर्षं ठेवायची असेल आणि बॉडी गंजलेली नसेल तर मी हेच करीन. दाव्यात दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते.

जुनं इंजिन, मुंबईत म्हणजे कुर्ल्याच्या बाजाराचं, लवकर बसतं आणि अनेकदा फुल इंजिनपेक्षा स्वस्त पडतं. पण ते किती चाललंय हे विकणाऱ्याच्या तोंडावरच. घ्यायचंच असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, झाकण उघडून आत काळा गाळ आहे का पाहा, ज्या गाडीतून काढलं तिचे कागद आणि पावती मागा. आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो, म्हणून आरटीओत तो बदलून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. विकणारा कागद द्यायला का-कू करत असेल तर स्वस्त असलं तरी ते इंजिन घेऊ नका.