एलिंग्टनचे न्यूपोर्ट : 1956 चे की 1999 चे?

पियानोवादक-संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचे ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ हा जॅझ अल्बम घेताना 1956 ची एलपी (ग्रामोफोन तबकडी) की 1999 ची दोन सीडींची आवृत्ती, असा पेच पडतो. अस्सलपणात एलपी उणी ठरते, कारण न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातील 7 जुलैच्या मैफलीनंतर बराचसा भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढवल्या होत्या. पॉल गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर सलग 27 आवर्तने वाजवली, पण ती एलपीसाठीच्या मायक्रोफोनऐवजी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर, त्यामुळे एलपीवर तो सूर दुरून आल्यासारखा वाटतो, नव्या आवृत्तीत त्या नभोवाणीची ध्वनिफीत जोडल्याने तो (उशिरा का होईना) समोर येतो. आटोपशीरपणात मात्र तीनच रचनांची एलपी सरस. एका बैठकीत ऐकणाऱ्याने एलपी घ्यावी. त्या रात्रीचा खरा आवाज हवा असणाऱ्याने सीडीच घ्याव्यात.