नोटाम लिहिणाऱ्यांसाठी आयकाओचं डॉक ८४००: कुठे कामाचं, कुठे अपुरं

डॉक ८४०० म्हणजे आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं लघुरूपांचं आणि कोडचं पुस्तक. आधी निकाल. तुम्हाला मेटार (विमानतळाच्या हवामानाचे अहवाल) आणि नोटाम (धावपट्टी बंद, उपकरण निकामी अशा बदलांच्या वैमानिकांसाठीच्या सूचना) फक्त वाचायचे असतील तर हे पुस्तक विकत घेऊ नका. नोटाम लिहायचे, तपासायचे किंवा शिकवायचे असतील, तर मात्र ते हाताशी हवंच.

वाचणाऱ्याला ते का लागत नाही? कारण प्रत्येक देशाच्या एआयपीत, म्हणजे विमान वाहतुकीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत, ‘जेन २.२’ नावाचा विभाग असतो आणि त्यात त्या देशाने वापरलेली लघुरूपं अर्थासकट दिलेली असतात. डॉक ८४०० शी न जुळणाऱ्या देशी लघुरूपांवर तिथे खूण करणं अपेक्षित असतं. अनेक देशांची एआयपी ऑनलाइन फुकट बघता येते. ज्या देशात उड्डाण आहे त्याचंच जेन २.२ उघडावं, हे साध्या वाचकासाठी पुस्तकापेक्षाही बरं. उदाहरणार्थ, आयकाओच्या भाषेत ‘एलडीए’ म्हणजे उतरायला उपलब्ध असलेली धावपट्टीची लांबी. अमेरिकी अप्रोच चार्टच्या (उतरण्याच्या मार्गाच्या नकाशाच्या) शीर्षकात तीच तीन अक्षरं लोकलायझरसारख्या (रेडिओ संकेताने उतरण्याची रेषा दाखवणाऱ्या) दिशादर्शक यंत्रणेसाठी येतात.

डॉक ८४०० चं पूर्ण नाव ‘आयकाओ ॲब्रिव्हिएशन्स अँड कोड्स’. लघुरूपांवरून अर्थ आणि अर्थावरून लघुरूप, अशा दोन्ही बाजूंनी शोधता येतं. दुसरी बाजू लिहिणाऱ्यासाठी सोन्यासारखी आहे. ‘पुढील सूचनेपर्यंत’ला काय लिहायचं (यूएफएन), ‘तात्काळ लागू’ला काय (डब्ल्यूआयई), ‘अमुक तारखेपासून लागू’ला काय (डब्ल्यूईएफ), हे अंदाजाने लिहिलं की प्रत्येक जण वेगळं काहीतरी लिहितो आणि वाचणारा अडतो.

पुस्तकातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लघुरूपांपुढची बारीक चिन्हं. एका कट्यारीचं चिन्ह (†) असेल तर ते लघुरूप रेडिओवर शब्दासारखं उच्चारायचं: नोटाम, सिगमेट, एटिस, सेलकॉल. दुहेरी कट्यार (‡) असेल तर एकेक अक्षर सुटं म्हणायचं, तेही अल्फा-ब्राव्हो न करता: आयएलएस, व्हीओआर, क्यूएनएच. जिथे उच्चार चुकण्याची शक्यता आहे तिथे तो स्पष्ट दिला आहे. आरएनएव्ही ‘आर-नॅव्ह’ म्हणायचं, सीएव्हीओके ‘कॅव्ह-ओ-के’. आंतरजालावर फिरणाऱ्या बहुतेक नक्कल केलेल्या याद्यांमध्ये ही चिन्हं गळून गेलेली असतात. मग नवशिका ‘क्वेबेक नोव्हेंबर हॉटेल’ म्हणत बसतो.

दुसरी जमेची बाजू: एकाच लघुरूपाचे दोन अर्थ पुस्तक लपवत नाही. आरए म्हणजे पाऊस, आणि आरए म्हणजे टक्कर टाळण्यासाठी विमानातल्या एकास या यंत्रणेने दिलेला बचावाचा आदेशही. जीएस म्हणजे जमिनीच्या संदर्भातला वेग, आणि छोटी गारही. एसएस म्हणजे सूर्यास्त, आणि वाळूचं वादळही. कोणता अर्थ घ्यायचा हे जागेवरून ठरतं. नोटामच्या डी) या वेळापत्रकाच्या रकान्यात ‘एसआर-एसएस’ दिसलं तर सूर्योदय ते सूर्यास्त, मेटारमध्ये दृश्यमानतेनंतर एसएस आलं तर वाळूचं वादळ. हा नियम मात्र पुस्तक शिकवत नाही, तो शिकवणाऱ्याने सांगायचा. तसंच बीआर (धुकट), एफयू (धूर) आणि जीआर (गारा) यांचं मूळ फ्रेंच शब्दांत आहे हे कळलं की पाठांतर सोपं होतं, पण तेही इथे नाही. धुकट आणि धुक्यामधली रेषा तर पाठच हवी: दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली की एफजी, १००० ते ५००० मीटरमध्ये बीआर.

आता खरा गाभा, नोटाम कोड. हा कोड नेहमी पाच अक्षरांचा. पहिलं क्यू, दुसरं-तिसरं विषय सांगतं, चौथं-पाचवं त्या विषयाची अवस्था. एमआर म्हणजे धावपट्टी, एमएक्स टॅक्सीवे, ओबी अडथळा, आयसी पूर्ण आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरवणारी यंत्रणा). एलसी म्हणजे बंद, एएस निकामी, सीई उभारलेला, एचडब्ल्यू काम सुरू. त्यामुळे क्यू-एमआर-एलसी म्हणजे धावपट्टी बंद, क्यू-ओबी-सीई म्हणजे नवा अडथळा उभा. डांबराला ‘बंद’, उपकरणाला ‘निकामी’, हे एवढं पाळलं तरी निम्म्या चुका कमी होतात.

उरलेल्या चुका आयएलएसमध्ये सापडतात. समजा फक्त ग्लाइड पाथ (उतरण्याचा कोन दाखवणारा भाग) गेला आहे, लोकलायझर (दिशा दाखवणारा भाग) चालू आहे. तक्त्यात ग्लाइड पाथला स्वतंत्र आयजी आहे, म्हणून कोड क्यू-आयजी-एएस. घाईत क्यू-आयसी-एएस लिहिलं तर अख्खं आयएलएस गेलं असा अर्थ होतो. कोडवर चाळणी लावणारी संगणकप्रणाली आणि उड्डाणापूर्वीचं ब्रीफिंग वाचणारा, उड्डाणाची आखणी करणारा डिस्पॅचर, दोघंही लोकलायझर अप्रोच बाद धरू शकतात, आणि पर्यायी विमानतळासाठी विनाकारण जास्त इंधन भरलं जातं. आयएल आणि आयएन यांतही असाच फरक आहे: पहिला आयएलएसचा भाग असलेला लोकलायझर, दुसरा आयएलएसशी न जोडलेला. तक्ता उघडून दोन ओळी वाचायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट द्यावा.

पुस्तक इथेच थांबतं, आणि ही त्याची सर्वात मोठी उणीव. नोटामच्या क्यू) ओळीत कोडनंतर आणखी रकाने येतात. आयव्ही म्हणजे आयएफआर (उपकरणांच्या आधारे) आणि व्हीएफआर (बाहेर बघून) उडणाऱ्या दोघांना लागू. एनबीओ म्हणजे तात्काळ लक्ष, ब्रीफिंग बुलेटिन आणि उड्डाणांशी संबंधित. ए म्हणजे विमानतळापुरतं, ई मार्गावरचं, डब्ल्यू धोक्याच्या क्षेत्राविषयीचं. मग उंचीची खालची-वरची मर्यादा (०००/९९९), शेवटी अक्षांश-रेखांश आणि सागरी मैलांत त्रिज्या. कोणत्या कोडला कोणती जोडी लागते, म्हणजे क्यू-एमआर-एलसीला आयव्ही/एनबीओ/ए, हा निवडीचा तक्ता आयकाओच्याच डॉक ८१२६ मध्ये (हवाई माहिती सेवेच्या नियमपुस्तिकेत) आहे. नवीन माणसाला एकटं डॉक ८४०० देऊन नोटाम लिहायला बसवलं तर तो पाच अक्षरं बरोबर लिहील आणि पुढची चुकवेल. ब्रीफिंगमध्ये चाळणी याच रकान्यांवर लागते, म्हणून धावपट्टी बंदचा नोटाम कुणाच्या तरी कागदावर येतच नाही. दोन्ही पुस्तकं सोबत ठेवावीत.

नोटामच्या ई) रकान्यातल्या मुख्य मजकुराविषयी एक सावधगिरी. या पुस्तकातली लघुरूपं क्रियापदाचा काळ सांगत नाहीत. सीएलएसडी म्हणजे बंद करणे, बंद झालेली किंवा बंद होत असलेली, तिन्ही. एसीटी म्हणजे सक्रिय, सक्रिय केलेलं किंवा हालचाल. संक्षिप्त लिहायच्या नादात वाक्य दुहेरी अर्थाचं होणार असेल तर शब्द पूर्ण लिहावा. ‘डब्ल्यूआयपी’ (काम सुरू) एवढंच लिहून धावपट्टी वापरता येते की नाही ते न सांगणं ही त्यातली सर्वात वाईट सवय. आणि सी) रकान्यात संपण्याची अंदाजे वेळ म्हणून ईएसटी लिहिलं असेल तर तो नोटाम वेळ संपल्यावर आपोआप जात नाही. त्याआधी नोटामआर (जुन्याची जागा घेणारा) किंवा नोटामसी (जुना रद्द करणारा) काढावा लागतो. लघुरूपाचा अर्थ पुस्तकात मिळतो, ही जबाबदारी मिळत नाही.

आणखी एक मर्यादा: हे हवाई वाहतूक, दळणवळण, हवामान आणि माहिती सेवेचं पुस्तक आहे. इंजिन आणि देखभालीची भाषा (एफएडीईसी, ईजीटी) किंवा रॉकेटच्या उड्डाणातली (एमईसीओ) इथे शोधू नये. त्यासाठी उत्पादकाच्या नियमपुस्तिकेतली यादी बघावी, कारण तिथे तेच लघुरूप एका विमानापासून दुसऱ्या विमानापर्यंत बदलू शकतं.

घ्यायचंच ठरलं तर आवृत्ती आणि सुधारणा-नोंदीचं पान आधी तपासा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून धावपट्टीच्या पृष्ठभागाचा अहवाल देण्याची पद्धत जगभर बदलली. आरसीआर (धावपट्टीच्या स्थितीचा अहवाल) आणि ० ते ६ आकड्यांचा आरडब्ल्यूवायसीसी (धावपट्टीच्या स्थितीचा कोड) ही नवी भाषा आली, आणि त्याबरोबर स्नोटामचा (धावपट्टीवरच्या बर्फ-पाण्याविषयीच्या नोटामचा) साचाही बदलला. सॅटेलाइटवरच्या अप्रोच चार्टचं नावही ‘आर-नॅव्ह’वरून ‘आरएनपी’कडे वळलं. एखाद्या जुन्या पीडीएफवरून वर्ग घेतले जात असतील तर विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतील, पण हिवाळ्यातला स्नोटाम समोर आल्यावर त्यांना तो वाचता येणार नाही.